दगडफुलांच्या वर्गाला बारा जागा

विद्यापीठाच्या कार्यक्रम विभागात टेबलं दोन होती आणि खिडकी एक. खिडकीजवळच्या टेबलावर फोन उचलणारा बसायचा. दिवसभर लोकांचं ऐकून घेणाऱ्याला निदान एखादं झाड तरी दिसावं, असं आधीच्या कुणीतरी ठरवून ठेवलं होतं. भिंतीकडचं टेबल तिचं. तिचं काम म्हणजे दर सोमवारी सकाळी निघणारं साप्ताहिक पत्रक. कुठल्या दालनात कुठलं व्याख्यान, कोण कशावर संशोधन मांडणार, कसलं प्रशिक्षण आहे, आसपासच्या रहिवाशांसाठी काय ठेवलंय, हे सगळं ती लिहायची. पत्रक हजारो लोकांना ईमेलने जायचं. त्यांतले बहुतेक जण ते न उघडताच पुसून टाकतात, हे यंत्रणा तिला दर आठवड्याला टक्केवारीसकट कळवायची.

फोन उचलणाऱ्याला सगळे पोपट म्हणायचे. "नमस्कार, कार्यक्रम विभाग, बोला," हे तो दिवसातून शंभरदा एकाच सुरात म्हणायचा. हे नाव आपल्या दोन मुलींनी ठेवलं, असं तो स्वतःच सांगायचा आणि त्याचं त्याला काही वाटायचं नाही.

दगडफुलांचा वर्ग वर्षातून एकदा व्हायचा. तो घेणारे सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते आणि एके काळी तिचे मार्गदर्शक. दगडांवर, झाडांच्या सालींवर, जुन्या भिंतींवर पसरणारे राखाडी, हिरवे, पिवळे पापुद्रे हा त्यांचा विषय. निम्म्या लोकांना ते डाग वाटतात आणि उरलेल्यांना दिसतच नाहीत. तीही काही वर्षं त्या पापुद्र्यांच्या मागे होती. मग शिष्यवृत्ती संपली, आई अंथरुणाला खिळली, प्रबंधाची तीन प्रकरणं कपाटात गेली आणि ती या टेबलावर आली. पुढे आई गेली. टेबल राहिलं.

सरांच्या पत्नी गेल्या, तेव्हा सरांनी एकेक करून सगळं कमी केलं होतं. सभा, समित्या, बागेतल्या कुंड्या. वर्ग तेवढा ठेवला. गेल्या वर्षी त्याला तिघं आले होते. त्यांतला एक चुकून त्या मजल्यावर आलेला होता आणि भिडेपोटी शेवटपर्यंत बसला.

या वर्षी विद्यापीठाने नियम कडक केले. आठवडाभर आधी सहा नावं नोंदली गेली नसतील, तर कार्यक्रम आपोआप रद्द होणार. आणि प्रत्यक्ष हजेरीही सहाच्या खाली गेली, तर पुढच्या वर्षी तो कार्यक्रम पत्रकात घ्यायचा नाही. सरांना तिने हे फोनवर सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "सहा म्हणजे फार नाहीत." पण तो आकडा त्यांनी असा उच्चारला की फारच आहेत, हे दोघांनाही कळलं.

नोंदणी उघडली त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

"काय म्हणतंय?" सरांनी विचारलं.

"सर, आत्ता तर उघडलीय."

"म्हणजे भोपळा."

"एवढ्यात कोण बघतं सर? उद्या कळेल."

दुसऱ्या दिवशीही त्याच वेळेला फोन आला. तिने पडद्याकडे बघितलं. शून्य. "दोन," ती म्हणाली.

"दोन? कोण आहेत?"

"नावं दिसत नाहीत मला. नुसता आकडा दिसतो." हे दुसरं खोटं. एकदा पहिलं बोलून झालं की दुसऱ्याला फारसे कष्ट पडत नाहीत.

"वाईट नाही," सर म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी दोन. वाईट नाही."

आकडा तोंडातून गेला होता, आता तो खरा करणं एवढंच उरलं. नवी यंत्रणा आली, तेव्हा चाचणीसाठी विभागाने खोटे ईमेल पत्ते तयार करून ठेवले होते. ते अजून चालू होते. एका पत्त्यावर तिने धाकट्या बहिणीचं नाव घातलं, दुसऱ्यावर बहिणीच्या नवऱ्याचं. पोपट तेव्हा कुणाला तरी पोहण्याचा तलाव कधी उघडणार ते समजावत होता. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही.

त्यानंतर रोज तसंच झालं. सर विचारायचे, ती आकडा सांगायची आणि फोन ठेवल्यावर तेवढी माणसं आणायची. दातांचे डॉक्टर आले. इमारतीची लिफ्ट दुरुस्त करणारा आला. बहिणीच्या सासूबाई आल्या. त्यांना गुडघ्यांमुळे दोन पायऱ्याही चढवत नव्हत्या. गुरुवारी आकडा सात झाला. सहाची रेघ ओलांडली होती, आता थांबायला हवं, हे तिला त्याच दिवशी स्वच्छ कळत होतं.

पण तोवर फोन लांबायला लागले होते. पहिल्या दिवशी मिनिटभर बोललेले सर आता शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल सांगायचे, गळणाऱ्या नळाबद्दल सांगायचे, कपाटातून बाहेर काढलेल्या नमुन्यांबद्दल सांगायचे. एकावर त्यांच्या पत्नीच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली होती, ती त्यांनी वाचून दाखवली: "हा तुकडा फेकू नये, महत्त्वाचा आहे असे म्हणतात." मधेच ते म्हणायचे, "थांब, चहा गार झाला, परत ठेवतो." मग ती रिसीव्हर कानाला लावून बसायची. गॅस पेटल्याचा आवाज यायचा, भांडं खाली ठेवल्याचा, चमचा फिरल्याचा. दुसऱ्या कुणाच्या स्वयंपाकघरातले आवाज तिने कितीतरी दिवसांत ऐकले नव्हते.

शुक्रवारी फोन आला नाही.

दुपारी पोपट डबा उघडत म्हणाला, "ताई, फोनकडे असं बघत बसलं म्हणून तो वाजत नाही. माझा एवढ्या वर्षांचा अनुभव आहे."

"मी कुठे बघतेय?"

"बरं, नाही बघत. जेवून घ्या."

सोमवारी मात्र दहाला फोन वाजला. "किती झाले?" सरांनी विचारलं.

"सात."

"अजून सातच?"

"हो सर."

"हं," सर म्हणाले. आवाज जरासा उतरल्यासारखा वाटला. मंगळवारी तिने नऊ सांगितले, बुधवारी दहा. दहावं नाव शाळेत एका बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचं होतं. लग्नानंतर तिचं आडनाव काय झालं हे ठाऊक नव्हतं, म्हणून जुनंच घातलं. गुरुवारी तिच्या तोंडून "बारा" गेलं. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक बाराच होते, म्हणून जागाही बाराच. अकरावं नाव गल्लीच्या कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयातल्या बाईंचं. बारावं सुचेना. ती बराच वेळ रिकाम्या चौकटीकडे बघत राहिली. ओळखीची माणसं संपली होती. शेवटी तिने आईचं नाव लिहिलं.

जागा भरल्या की यंत्रणा आपोआप समोर लाल अक्षरांत "जागा शिल्लक नाहीत" असं लिहायची. रविवारी घरी तिने मोबाइलवर ती ओळ उघडून बघितली. दगडफुलांचा वर्ग, आणि पुढे लाल अक्षरं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिला बरं वाटलं. ती ओळ दुसरा कुणी वाचेल तेव्हा काय करेल, हे तिच्या मनातही आलं नाही; खरं तर पत्रक लिहिणाऱ्या माणसाच्या मनात त्याशिवाय दुसरं काहीच यायला नको होतं.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. तो दर रविवारी यायचा. "काय गं, तुझ्या त्या विद्यापीठात माणसं असतात, की नुसतेच कार्यक्रम?"

"असतात की. या आठवड्यात तर तूही आहेस."

"मी? कुठे?"

"कुठे नाही. गंमत केली."

"तुझी गंमत मला एक वर्षाने कळते बघ," बहीण म्हणाली आणि सासूबाईंच्या गुडघ्यांवर आली.

सोमवारी पत्रक गेलं. सर आता वेगळं विचारायचे: "कुणी गळालं नाही ना?" ती म्हणायची, "नाही सर, सगळे आहेत." वर्ग शनिवारी होता. शनिवारी काय होणार, याचं उत्तर तिने तयार ठेवलं होतं. लोक नाव नोंदवतात आणि येत नाहीत, हे सगळीकडे होतं. त्याचं फारसं वाईट वाटून घ्यायचं नसतं. शून्यापेक्षा न आलेले बारा बरे, असं तिचं गणित होतं.

गुरुवारी दुपारी पोपट म्हणाला, "ताई, तुमची दगडफुलं यंदा भलतीच भाव खातायत."

"म्हणजे?"

"फोन येतायत ना सोमवारपासून. भरलंय म्हणून सांगतो, तर लोकांना पटत नाही. एरवी मोकळं असतं तेव्हा कुत्रं विचारत नाही. भरलं म्हटलं की सगळ्यांना हवं."

तिने हातातला घास डब्यात ठेवला. "किती फोन आले?"

"चार? पाच? मोजा असं कुणी सांगितलं नव्हतं. एक बाई तर दोनदा. त्यांच्या बाल्कनीच्या कठड्यावर काहीतरी उगवलंय म्हणे, ते घेऊन येते, मागे उभी राहते म्हणाल्या. म्हटलं, बाई, उभं राहायचीपण जागा नाही."

"नंबर घेतलेस?"

पोपटने तिच्याकडे नीट बघितलं. "भरलेल्या कार्यक्रमाचे नंबर घ्यायचे नाहीत, हे तुम्हीच ठरवलंय. संगणकाच्या प्रशिक्षणाला ती भांडणं झाली होती, तेव्हापासून. काय झालं? चेहरा का असा?"

"काही नाही."

"माझं काही चुकलं का?"

"नाही रे. तुझं नाही चुकलं."

दुपारभर तिला दुसरं काही सुचलं नाही. जागा परत उघडायच्या, तर आधी नावं काढायला हवीत. आणि कुणी नाव मागे घेतलं की आयोजकाच्या मोबाइलवर तत्काळ निरोप जायचा. सोयीचं होईल म्हणून हे तिनेच यंत्रणेत घालून घेतलं होतं. म्हणजे सरांना कळल्यावाचून एकही जागा मोकळी होणार नव्हती. आधी सांगून टाकावं म्हणून तिने सरांना फोन लावला.

"बरं झालं तूच केलास," सर म्हणाले. "पाकिटं झाली बघ. बारा. प्रत्येकात तीन तुकडे, एक कोरडा ठेवलाय पाणी टाकून दाखवायला. आणि ऐक, पांढरा शर्ट बरा दिसेल की निळा?"

"निळा," ती म्हणाली. "सर, मग... ठीक आहे. ठेवते."

"कशासाठी केला होतास?"

"शर्टासाठीच," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

घरी जाण्याआधी तिने यादी उघडली आणि नावं काढायला घेतली. सगळी एकदम काढायची सोय नव्हती. एकेक निवडायचं, रद्द करायचं, हो म्हणायचं. सरांचा मोबाइल कुठे असतो, हे तिला माहीत होतं. जेवणाच्या टेबलावर, काचेवर. निरोप आला की तो थरथरत काठाकडे सरकतो. दातांचे डॉक्टर गेले. लिफ्टवाला गेला. बहीण, मेहुणे, सासूबाई गेल्या. प्रत्येक वेळी ती जराशी थांबायची, जणू मधे अंतर ठेवलं तर कमी लागेल. आईचं नाव शेवटी राहिलं. तेही काढलं. पडद्यावर आलं: उपलब्ध जागा बारा.

पत्रक सोमवारशिवाय निघत नव्हतं. म्हणून तिने दोन कागदांवर मोठ्या अक्षरात "दगडफुलांचा वर्ग, शनिवारी, जागा आहेत" असं लिहिलं आणि जाताना एक कागद ग्रंथालयाच्या दारावर, एक फाटकाजवळच्या फलकावर लावला. फलकावर आधीच कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीचा कागद होता.

शुक्रवारी दहा वाजले. फोन वाजला नाही. तिनेही केला नाही, जिवावर आलं.

शनिवारी ती वेळेआधी पोचली, तरी प्रयोगशाळेत दिवे लागलेले होते. सर निळ्या शर्टात होते. बाराही सूक्ष्मदर्शकांवरची आवरणं काढून, घडी करून ठेवलेली, आणि प्रत्येकाशेजारी एक पाकीट.

"ये," सर म्हणाले. "बाराच्या बारा गळाले."

"हो सर."

"एका झटक्यात. साथ आल्यासारखे."

ती दारातच उभी होती. "सर, ते लोक नव्हतेच. ती नावं मी घातली होती."

"माहीत आहे." सर भिंग पुसत होते. त्यांनी ते उजेडाकडे धरलं आणि परत पुसलं. "पहिल्या आठवड्यातच शंका आली. मी फोन केला की माणसं वाढायची. दगडफुलांना इतकी नियमित वाढ नसते, माणसांना तर नसतेच. मग शुक्रवारी मुद्दाम फोन केला नाही. सोमवारी विचारलं, तर गुरुवारचाच आकडा. मधले तीन दिवस सगळं जग दगडफुलं विसरलं होतं."

तिला एकदम त्या शुक्रवारचा न वाजलेला फोन आठवला. "मग बोलला का नाहीत?"

"तू का बोलली नाहीस?"

"तुम्ही तरीही रोज विचारत होतात. किती झाले, किती झाले."

"विचारणं बंद केलं असतं, तर मला कळलंय हे तुला कळलं असतं." सरांनी एक पाकीट सरळ केलं. ते आधीच सरळ होतं. "आणि दहाला माझा चहा होतो. त्यानंतर जेवणापर्यंत काही नसतं."

एक गोष्ट अजून सांगायची राहिली होती आणि ती या सगळ्याहून अवघड होती. "सर, जागा भरल्या असं दिसत होतं, म्हणून काही लोकांना नाही म्हणून सांगितलं गेलं. खऱ्या लोकांना. चार-पाच जण होते. म्हणून मी नावं काढली. पण त्यांचे नंबर नाहीत आपल्याकडे."

हे सरांना माहीत नव्हतं. ते जवळच्या स्टुलावर बसले. "खरी माणसं येत होती?"

"हो."

"आणि आपण त्यांना नाही म्हटलं." ते "आपण" म्हणाले, "तू" म्हणाले नाहीत, म्हणून तिला जास्तच लागलं. "हे मात्र वाईट झालं गं," ते म्हणाले.

वर्गाची वेळ झाली आणि टळूनही गेली. मजल्यावर कुणाचीही पावलं नव्हती. सर हात मांडीवर ठेवून बसले होते. ती खिडकीशी उभी राहून फाटकाकडे बघत होती. आवरायला घ्यावं का, हे दोघांपैकी कुणीच विचारत नव्हतं.

मग जिन्यावर चपला वाजल्या आणि हातात आइस्क्रीमचा जुना डबा घेतलेली एक जाडजूड बाई दारात आली. वय सरांहून बरंच कमी, तिच्याहून थोडं जास्त. बाईंना धाप लागली होती.

"भरलंय म्हणून सांगितलं होतं मला," बाई म्हणाल्या. "पण म्हटलं, बारातला एखादा तरी टांग देतोच. त्याच्या जागी बसू." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "इथे तर सगळेच तसले निघाले."

सर उठून उभे राहिले. "या, या. कुठेही बसा."

"पुढे बसू? मला लांबचं दिसत नाही."

"इथे सगळं जवळचंच आहे," सर म्हणाले.

डब्यात कठड्याच्या सिमेंटचा एक ढलपा होता, त्याच्यावर पिवळट-राखाडी चकत्या. "हे घाण आहे की झाड आहे, तेवढं सांगा. मुलगा म्हणतो ब्रशने घासून टाक. मी म्हटलं, थांब, कुणालातरी विचारते."

"दोन्ही नाही," सर म्हणाले आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. बाईंनी ते ढलप्यावर धरून लांबून बघितलं. सगळे पहिल्यांदा तसंच करतात. "भिंग डोळ्याला चिकटवा. आता ढलपा उचलून भिंगाकडे आणा. अजून जवळ. नाकाला लागला तरी चालेल."

बाईंनी तसंच केलं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "यात वाट्या आहेत. छोट्या छोट्या. नारिंगी."

"तिथून बीजाणू सुटतात," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज तिला ओळखीचा वाटला. फोनवरचा नव्हे, त्याच्या आधीचा, ती त्यांच्या हाताखाली होती तेव्हाचा. बुरशी घर कसं देते आणि शेवाळ त्यात राहून अन्न कसं तयार करतं, ते त्यांनी सांगितलं.

"म्हणजे नवरा-बायकोसारखं," बाई म्हणाल्या.

"सगळे हेच म्हणतात. मी आयुष्यभर टाळत आलो."

"का? तुमचं पटत नव्हतं?"

"फार पटत होतं. म्हणूनच."

बाई हसल्या. सरही हसले. ती शेवटच्या सूक्ष्मदर्शकाशी बसली होती. तिने तिथलं पाकीट उघडलं आणि कोरडा तुकडा काचेवर ठेवून पाण्याचा एक थेंब सोडला. राखाडी तुकडा बघता बघता हिरवा झाला. या जातीवर तिने एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. नाव जिभेवर होतं, पण येत नव्हतं. सरांना विचारता आलं असतं. पण सर बाईंच्या ढलप्यावर वाकून नखाने कडा दाखवत होते आणि दोघांचीही पाठ तिच्याकडे होती.

"अहो, तुम्हीपण शिकायलाच आलात का?" बाईंनी मधेच वळून विचारलं.

"नाही. मी ऑफिसची."

"असं होय," बाई म्हणाल्या आणि परत वळल्या.

बाईंची पाच पाकिटं बघून झाली, तरी त्यांना जायचं नव्हतं. "आमच्या इमारतीच्या मागची भिंत बघाल, तर नुसते नकाशे आहेत नकाशे. सोमवारी सकाळी आम्ही चार-पाच जणी खाली बाकांवर बसतो. तुम्ही या की. सगळ्यांना सांगा हे. नोंदणी-बिंदणी काही नाही आमच्याकडे."

"किती वाजता?" सरांनी विचारलं.

"दहाला."

सर भिंगाची दोरी बोटाला गुंडाळत होते. "येईन," ते म्हणाले.

बाई डबा घेऊन खाली गेल्या. फाटकाजवळच्या दगडी कठड्यावर काय आहे, ते सर त्यांना दाखवणार होते. सर पाकिटं गोळा करेपर्यंत तिने प्रयोगशाळेतला संगणक लावला. कुलूप घालण्याआधी हजेरी भरायची, असा नियम होता.

"किती लिहितेस?" सरांनी मागून विचारलं.

चौकट रिकामी होती. सहा लिहिलं असतं, तरी कुणी विचारायला आलं नसतं. "एक," ती म्हणाली.

"स्वतःला नाही धरलंस?"

"कर्मचाऱ्यांना धरत नाहीत."

"बरोबर." सरांनी पाकिटं पिशवीत भरली. "म्हणजे पुढच्या वर्षी पत्रकात नाही."

"नाही सर."

"बरं." मग खालून बाईंची हाक आली आणि ते जिन्याकडे गेले. तिने एक लिहिलं. "नक्की?" असं यंत्रणेने विचारलं. तिने हो म्हटलं आणि एकेक आवरण सूक्ष्मदर्शकांवर घालायला घेतलं. खिडकीतून दोघं दिसत होते. कठड्याला नाक लावून उभे. फाटकातून ये-जा करणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. खाली जाता आलं असतं. पण आवरून होईपर्यंत ते निघूनही गेले.

सोमवारी पत्रक गेलं. त्यात सांडपाण्यावरच्या संशोधनाचं व्याख्यान होतं, शिक्षकांसाठी प्रशिक्षण होतं, रहिवाशांसाठी सायकल दुरुस्तीची कार्यशाळा होती. दहाला थोडा वेळ असताना तिने सरांना फोन लावला. खूप वेळ वाजला, मग उचलला गेला.

"हं, बोल. निघतोच आहे. बूट घालतोय." सर एका हाताने नाडी बांधत असावेत, आवाज वाकलेला येत होता. "तो मोठा नमुना कुठे ठेवला कुणास ठाऊक. बोल, काय काम होतं?"

तिच्याजवळ सांगायला आकडा नव्हता. "काही नाही सर," ती म्हणाली. "सहज."

पलीकडे नाडीची खुडबुड थांबली. "सहज," सर म्हणाले. नवा तुकडा हातात घेऊन तो फिरवून बघावा, तसा त्यांनी तो शब्द म्हटला. "मग उद्या कर. आज घाई आहे. उद्या मी घरीच आहे."

"किती वाजता करू?"

"चहाला," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

पोपट खिडकीकडे तोंड करून दोन फोनांच्या मधे सफरचंद खात होता. "कोण, सर?"

"हो."

"काय म्हणतात? आता कशाचा आकडा विचारतात?"

"घाईत होते," ती म्हणाली आणि पुढच्या आठवड्यातल्या प्रथमोपचार प्रशिक्षणाचं दालन कोणतं, ते तपासायला घेतलं. दहा अजून वाजायचे होते. दिवस सगळा पुढे पडला होता.